बॅटरी पुन्हा पुन्हा बसते? नवी आणण्याआधी गाडी गरम करून मोजा

सकाळी सेल्फ मारला की नुसती टक-टक. किक मारली की गाडी चालू. दिवसभर फिरवली की संध्याकाळी सेल्फ लागतो, रात्र सरली की पुन्हा तीच टक-टक. मग कोणीतरी सांगतं, बॅटरी गेली, नवी टाक. नवी टाकली की चार-सहा महिने सगळं झकास, आणि एक दिवस परत टक-टक.

मी यातून पुरता गेलोय. दोन वर्षांच्या आत तीन बॅटऱ्या आणि एक आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा डबा) बदललं, आणि दोष निघाला शंभर रुपयांच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडात. तो शोधायला ज्या क्रमाने मोजत गेलो तो इथे लिहितोय. साधा डिजिटल मल्टिमीटर तीनशे-चारशे रुपयांत मिळतो. एका बॅटरीच्या पैशात असे चार मीटर येतील.

गाडी २०१८ ची, दीडशे सीसी, कार्ब्युरेटरवाली, किक आणि सेल्फ दोन्ही. घर चिपळूणला, नोकरी लोट्याच्या एमआयडीसीत, रोज परशुराम घाट चढून-उतरून. २२ जुलै २०२१ च्या पुरात गाडी पार्किंगमध्ये हँडलच्या वरपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर गावातल्या प्रत्येक गॅरेजबाहेर गाड्यांची रांग लागली होती. ऑइल तीनदा बदललं, कार्ब्युरेटर धुतला, एअर फिल्टर नवा, बॅटरी नवी. गाडी चालू झाली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण घरातलं बाकी बरंच काही गेलं होतं. वायरिंगची कपलरं उघडून बघायचं मात्र कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

ती बॅटरी १४ महिन्यांत गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये दुसरी टाकली, सोबत ‘चार्जिंग कमी आहे’ म्हणून नवं आरआर युनिटही. ती जून २०२३ मध्ये गेली. तिसरी टाकल्यावर तीनच आठवड्यांत सेल्फ जड फिरायला लागला, तेव्हा मी वायरिंगचं काम करणाऱ्या एका जुन्या काकांकडे गेलो. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. म्हणाले, “बॅटरी मरत नाही रे बाळा, तिला जेवायलाच मिळत नाहीये. घरी जा, थंड गाडीवर मोज, गरम गाडीवर मोज, आणि दोन्ही आकडे लिहून आण.”

त्या ‘गरम गाडीवर’मध्येच माझं उत्तर होतं. पण आधी थंड गाडीचे आकडे.

मीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी चावी न फिरवता मोजा. १२.६ ते १२.८ म्हणजे पोट भरलेलं. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धं, १२.० च्या आसपास म्हणजे जेमतेम पाव. लोक इथेच फसतात, कारण ‘बारा व्होल्टची बॅटरी, बारा दाखवतेय, म्हणजे चांगली’ असं वाटतं. बारा दाखवणारी बॅटरी जवळजवळ रिकामी असते. गाडी बंद केल्या-केल्या मोजू नका, तेव्हा वरवरचा चार्ज आकडा फुगवून दाखवतो. निदान तीन-चार तास जाऊ द्यात. माझी सकाळी १२.१ होती, बॅटरी २१ दिवसांची!

दुसरा आकडा सेल्फ मारताना. मीटर लावूनच ठेवा आणि दोन सेकंद सेल्फ दाबा. आकडा ९.६ च्या वर राहिला तर बॅटरीत दम आहे. १२.६ वरून धाडकन सात-आठवर आला तर आतला एखादा सेल गेलाय, अशी बॅटरी चार्ज करूनही उपयोग नाही. मात्र मुळात १२.१ वर असलेली बॅटरी या परीक्षेत नापास झाली तर तिला लगेच दोषी धरू नका. आधी चार्जरवर पूर्ण भरा, रात्रभर ठेवा, मग परीक्षा घ्या. माझी ८.९ वर आली होती. भरल्यावर तीच १०.७ वर टिकली. दुसरी बॅटरी मी याच घाईत मोडीत दिली असावी, असं आता वाटतं.

तिसरा आकडा गाडी चालू असताना. थंड इंजिन, हेडलाइट चालू, रेस साधारण ४००० आरपीएमवर धरून बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १३.५ ते १४.५ मध्ये आलं तर चार्जिंग होतंय. १३ च्या खाली राहिलं तर होत नाहीये. १५ च्या वर गेलं तर जास्त होतंय, म्हणजे बहुतेक वेळा आरआर युनिट गेलेलं किंवा त्याची अर्थ वायर (गाडीच्या बॉडीला, म्हणजे निगेटिव्हला जोडणारी) नीट लागलेली नाही. अशा वेळी बल्ब वरचेवर उडतात, बॅटरीची कूस फुगते, पाण्याच्या बॅटरीला सडक्या अंड्याचा वास येतो. त्या गाडीवर लांब जाऊ नका.

माझी थंड गाडी १४.० दाखवत होती. गॅरेजातही दर वेळी हेच दिसायचं: गाडी स्टँडवर, दोन मिनिटं रेस, १४ व्होल्ट, ‘चार्जिंग ओके आहे साहेब, बॅटरीच बदला.’ त्यांची चूक नव्हती, आकडा तसाच येत होता. लोट्याहून परत आल्यावर गाडी बंद न करता, हेल्मेटसुद्धा न काढता मोजलं. त्याच ४००० वर १२.९. रेस सोडली तर १२.३. म्हणजे घरातून निघताना बॅटरी भरत होती आणि अर्ध्या वाटेवरून रिकामी होत होती.

गरम झाल्यावर चार्जिंग पडत असेल तर संशयित तीन. मॅग्नेटच्या आतली कॉइल, म्हणजे स्टेटर. आरआर युनिट. आणि या दोघांमधला रस्ता: वायरी, कपलरं, अर्थ. गॅरेजात पहिल्या दोन वस्तू बदलल्या जातात, कारण त्या सुट्या मिळतात. रस्त्याकडे कोणी बघत नाही.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं मोजमाप उमगेल. इंजिन फिरतं तसं मॅग्नेट फिरतं आणि कॉइलमधून एसी करंट बाहेर पडतो. माझ्यासारख्या थ्री-फेज गाड्यांत तीन वायरींतून तो आरआर युनिटकडे जातो. माझ्याकडे तिन्ही पिवळ्या आहेत, तुमच्याकडे रंग वेगळा असू शकतो. आरआर युनिट त्याचा डीसी करतं, व्होल्टेज १४ च्या आसपास बांधून ठेवतं आणि बॅटरीला देतं. तीनपैकी एक वायर नीट लागत नसेल तर गाडी बंद पडत नाही, हॉर्न वाजतो, दिवा लागतो. फक्त कमाई घटते. खर्च मात्र तेवढाच राहतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच असतो. ३५ वॉटचा साधा बल्ब म्हणजे जवळजवळ ३ अँपिअर, सतत. पूर्वी दिवसा हा खर्च नव्हता, त्यामुळे अर्धवट चार्जिंगवरही गाड्या वर्षानुवर्षं निभावून न्यायच्या.

आधी कॉइल तपासली. गाडी गरम असतानाच बंद केली, तीन पिवळ्या वायरींचं कपलर सोडवलं, मीटर २०० व्होल्ट एसीवर लावून गाडी पुन्हा चालू केली. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी अशा तिन्ही जोड्या एकाच रेसवर मोजायच्या. रेस वाढवली की साठ व्होल्टच्या घरातही जातं, तेव्हा उघड्या पिनेला हात लागू देऊ नका. नेमका आकडा प्रत्येक गाडीचा निराळा, पण तिन्ही जोड्या सारख्या आल्या पाहिजेत. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळालीय. मग गाडी बंद करून प्रत्येक पिवळ्या वायरीची इंजिनच्या बॉडीशी कंटिन्युइटी बघा, म्हणजे मीटर बीपवर लावून दोन्ही आतून जोडलेले आहेत का ते. बीप वाजला तर कॉइल आत कुठेतरी टेकलीय. माझ्या तिन्ही जोड्या एकसारख्या होत्या, बीपही नाही. कॉइल ठणठणीत. आरआर युनिट आठ महिन्यांपूर्वीचं.

मग काकांनी सांगितलेली परीक्षा. ही मला कुठल्याच गॅरेजात करताना दिसली नव्हती. सगळी कपलरं पुन्हा जोडायची, गाडी चालू, हेडलाइट चालू, इंजिन गरम. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी आरआर युनिटच्या पॉझिटिव्ह वायरीवर. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून तिला पिन टेकवली की वायर सोलावी लागत नाही. ही एकच वायर आहे, तिच्या दोन टोकांत फरक नसायला हवा. ०.२ च्या आत आला तर ठीक, अर्धा व्होल्ट आला तर मधे कुठेतरी गंज, सैल नट किंवा जळका फ्यूज-होल्डर आहे. तसंच निगेटिव्ह बाजूला: बॅटरीचं निगेटिव्ह आणि आरआर युनिटची अर्थ वायर. मग बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनचा उघडा नट. माझे हे आकडे ०.१५, ०.१ आणि ०.१ आले. स्वच्छ.

उरलं पिवळ्या वायरींचं कपलर. मीटर एसीवर, एक टाचणी कपलरच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, त्याच वायरीवर. पहिली ०.१. दुसरी ०.१. तिसरी २.३ व्होल्ट.

गाडी बंद करून कपलर सोडवलं. बाहेरून पांढरं, धुळकट, कोणालाही शंका येणार नाही असं. एका कोपऱ्यात मात्र प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. आत टॉर्च मारला. दोन पिना पितळी पिवळ्या, तिसरी काळी, तिच्याभोवती हिरवी पावडर आणि पुराच्या गाळाची सुकून घट्ट बसलेली पापडी. दोन वर्षं ती तिथे होती. त्या पिनेतून चार-पाच अँपिअर जात असतील आणि दोन-सव्वादोन व्होल्ट तिथेच पडत असतील, तर आठ ते अकरा वॉटची उष्णता एका पिनेवर. लहान सोल्डरिंग आयर्न तेवढ्यावरच चालतं. गाडी थंड असताना पीन कशीबशी टेकायची, १४ व्होल्ट यायचे. तापली की स्प्रिंग सैल, गंजाचा अडथळा वाढणार, अडथळा वाढला की अजून तापणार. तारेची कंटिन्युइटी बघितली असती तर बीप आला असता, कारण मीटरचा करंट नाममात्र असतो. असा दोष लोड पडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून व्होल्टचा फरक मोजायचा, बीपवर विसंबायचं नाही.

दुरुस्तीत काळी पीन घासून परत बसवली तर महिनाभरात पुन्हा तेच होणार, कारण तिची पकड गेलेली असते. दोन्ही बाजूंची काळवंडलेली वायर तांबं लखलखीत दिसेपर्यंत मागे कापली. नवं तीन पिनांचं कपलर, पिना पकडीने दाबून वर सोल्डरचा थेंब, मागे श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी), आत डायलेक्ट्रिक ग्रीस (ओल आत न शिरू देणारं). नुसती पिळून काळी टेप गुंडाळू नका, कोकणच्या पावसात ती टेप दुसऱ्या वर्षी सोललेली असते. मग त्याच संध्याकाळी घाट चढून-उतरून आलो आणि गाडी चालू ठेवूनच मोजलं: ४००० वर १४.२, तिसऱ्या पिवळीवर ०.१. तिसरी बॅटरी एकदा चार्जरवर पूर्ण भरली, आणि तीच अजून गाडीत आहे.

पुरात बुडालेली किंवा पावसात रोज गुडघाभर पाण्यातून जाणारी गाडी असेल तर कपलरांपासूनच सुरुवात करा: पिवळ्या वायरींचं, आरआरचं, सेल्फ रिलेचं, फ्यूजचं. पाण्यापेक्षा गाळ वाईट. तो ओल धरून ठेवतो.

आता दुसरा प्रकार. चार्जिंग गरम-थंड दोन्हींत १४, तरी दोन-तीन दिवस उभी ठेवली की बॅटरी खलास. म्हणजे बंद गाडीत कोणीतरी करंट पितंय. चावी बंद, बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा, मीटर १० अँपिअरवर लावा, लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात, आणि मीटर निगेटिव्ह टर्मिनल व सुटलेली वायर यांच्या मधे. या अवस्थेत चावी किंवा सेल्फला हात लावायचा नाही, मीटर जळेल. आकडा अगदीच लहान असेल तर मिलिअँपिअरच्या रेंजवर या. आणि काम संपलं की लाल वायर आठवणीने परत व्होल्टच्या भोकात घाला. ती तशीच ठेवून बॅटरीचे व्होल्ट मोजले तर सरळ शॉर्ट होतो.

मामेभावाच्या स्कूटरला ट्रॅकर बसवलाय. तो बंद गाडीत २५ मिलिअँपिअर घेत होता. ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला ०.६ अँपिअर-तास होतात, आणि स्कूटरची बॅटरीच ३ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास). पाच दिवसांत कागदावर शून्य, प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशीच सेल्फ नाही. बाहेरून काही लावलेलं नसेल तर दोन-चार मिलिअँपिअरच्या वर दिसू नये. जास्त दिसलं तर एकेक जोड काढून बघा: आधी बाहेरून बसवलेलं सगळं, अलार्म, मोबाइल चार्जर, मग आरआर युनिटचं कपलर. आरआर आतून गळत असेल तर ते काढताच आकडा पडतो. मोबाइल चार्जर थेट बॅटरीवरून घेतलेला असतो तो चावीनंतरच्या लाइनवरून घ्या, प्रश्न तिथेच मिटतो. फॉग लाइटच्या जोडीचा हिशेबही करा. ४० वॉट म्हणजे सव्वातीन अँपिअर, हेडलाइटएवढा दुसरा खर्च. ब्रेक स्विच अडकून मागचा दिवा चालताना सतत पेटत नाही ना, हे रात्री भिंतीसमोर उभं राहून बघता येतं.

तिसरा प्रकार आमच्याकडे घरोघरी दिसतो. चाकरमानी मुंबईला, गाडी गावच्या पडवीत ताडपत्रीखाली. गणपतीला आले की बॅटरी मेलेली, नवी टाकायची, शिमग्याला आले की परत मेलेली. शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के उतरते, उन्हाळ्यात जास्त, गाडीला जोडलेली असेल तर आणखी. आणि रिकामी पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचे कडक खडे धरतात, मग चार्जर लावूनही ती पूर्वीसारखी भरत नाही. म्हणून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या आणि निगेटिव्ह काढून ठेवा. घरातल्यांना ‘आठवड्यातून पाच मिनिटं गाडी चालू कर’ असं सांगू नका. सेल्फ मारायला गेलेला करंट आणि हेडलाइटचा खर्च त्या पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये भरून येईलच असं नाही, उलट दर आठवड्याला थोडी थोडी उतरतच जाते. त्यापेक्षा आलं-गेलं कोणी दुचाकी चालवणारं असेल तर पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणू द्या, किंवा महिन्यातून एकदा चार्जरवर लावा.

चार्जर लावताना बॅटरीच्या एएचच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट. ५ एएचला अर्धा अँपिअर, दहा-बारा तास. कारचा मोठा चार्जर जोरात लावला की बॅटरी तापते आणि आयुष्य घटतं. सीलबंद बॅटरीला १४.४ च्या आसपास थांबणारा ऑटोमॅटिक चार्जरच हवा, आणि तिचं झाकण उघडायचं नाही. पाण्याच्या बॅटरीत पातळी खालच्या रेषेखाली गेली की फक्त डिस्टिल्ड वॉटर, वरच्या रेषेपर्यंतच. ॲसिड कधीही नाही. नळाचं, बोअरिंगचं पाणी नाही. चार्जिंग करताना खिडकी उघडी, जवळ विडी-काडी, उदबत्ती नको, हायड्रोजन पेट घेतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड आली तर खायचा सोडा गरम पाण्यात कालवून ब्रशने घासा, कोरडं करा, नट घट्ट आवळा, वर व्हॅसलिन. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पाना चॅसीला टेकला तर ठिणगी.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. चालू गाडीची बॅटरीची वायर काढून ‘बघा, गाडी चालू राहतेय, म्हणजे चार्जिंग ओके’ ही परीक्षा कोणालाही करू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि आरआर युनिट, सीडीआय (स्पार्क देणारं युनिट) जाऊ शकतात. बीएस-६ च्या फ्युएल इंजेक्शन गाडीत ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) जाऊ शकतो, आणि तो किती महाग आहे हे सर्व्हिस सेंटरला विचारा. याच गाड्यांना पेट्रोल पंप आणि ईसीयूसाठी बॅटरीचा जीव लागतो. ती पूर्ण बसली असेल तर किक असूनही गाडी उठेलच असं नाही. त्यामुळे सेल्फ जड वाटायला लागल्या दिवसापासून मोजायला घ्या, टक-टक ऐकू येईपर्यंत थांबू नका.

मी आता सीटखालच्या खणात एक चिठ्ठी ठेवलीय: तारीख, सकाळचे व्होल्ट, गरम गाडीवरचे व्होल्ट. पावसाआधी एकदा, दिवाळीत एकदा. शेवटची नोंद १२.७ आणि १४.१ अशी आहे.